बरणी, खोका आणि बोधचिन्ह: एका डिझाइन स्टुडिओच्या कामाचे परीक्षण

मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी मिळून पुण्यात एका भाड्याच्या गाळ्यात शेंगदाण्याचे दही आणि नाचणी-खोबऱ्याची बिस्किटे तयार करतो. दोन्ही पदार्थांत दूध, तूप, लोणी किंवा मध यांपैकी काहीही नसते. सुरुवातीची दोन वर्षे ओळखीच्या घरांना आम्ही स्टीलच्या डब्यांतून दही पोहोचवत होतो आणि दुसऱ्या दिवशी रिकामे डबे परत आणत होतो. त्यामुळे वेष्टन, लेबल, बोधचिन्ह हे शब्द आमच्या व्यवहारात आलेच नव्हते. दुकानांकडून मागणी येऊ लागली तेव्हा या गोष्टी टाळणे अशक्य झाले, आणि पुण्यातील एका दोन माणसांच्या डिझाइन स्टुडिओला आम्ही बोधचिन्ह, दह्याच्या बरणीचे लेबल आणि बिस्किटांचा खोका असे तिन्ही काम दिले. त्या कामाचे हे परीक्षण आहे. स्टुडिओचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला त्यांच्या चुकाही मोकळेपणाने सांगायच्या आहेत आणि त्यावर त्यांना त्यांची बाजू मांडायला येथे जागा नाही. शिवाय, असे काम करून घेणाऱ्याला नावापेक्षा ते काम कसे पारखावे हे कळले तर त्याचा अधिक उपयोग होईल असे मला वाटते.

आम्ही तीन ठिकाणी विचारणा केली होती. एकाने दोन दिवसांत पाच बोधचिन्हे देण्याचे कबूल केले, दुसऱ्याने आमचे पदार्थ कोणते हे न विचारताच दरपत्रक पाठवले. तिसऱ्याने, म्हणजे ज्यांना आम्ही काम दिले त्यांनी, दर सांगण्याआधी गाळ्यावर येऊन एक दिवस बसण्याची परवानगी मागितली. त्यांचा दर ७८ हजार रुपये होता आणि मुदत सात आठवड्यांची. दर आम्हाला जड वाटला, मुदत प्रत्यक्षात अकरा आठवड्यांवर गेली, आणि तरीही निवड चुकली असे मला आज वाटत नाही.

त्या पहिल्या दिवशी त्यांच्यातील मुलीने सकाळी सहापासून आमचे काम पाहिले. भिजवलेले शेंगदाणे सोलणे, वाटणे, ते दूध उकळून कोमट करणे, त्यात विरजणासाठी हिरव्या मिरचीची देठे टाकून ठेवणे, हे सगळे तिने वहीत टिपून घेतले. दुपारी तिने विचारलेला एक प्रश्न माझ्या लक्षात राहिला आहे: "ताई, दही खाऊन झाल्यावर ही बरणी कुठे जाणार?" दही कसे दिसावे, कोणत्या रंगाचे लेबल हवे, असे प्रश्न आम्हाला अपेक्षित होते, बरणीच्या पुढच्या आयुष्याचा विचार आम्ही स्वतःला पर्यावरणाची काळजी असणाऱ्या म्हणवत असूनही केला नव्हता. या स्टुडिओच्या कामाची खरी गुणवत्ता या प्रश्नात आहे, आणि त्यांच्या ज्या चुका झाल्या त्यासुद्धा हा प्रश्न त्यांनी एक पाऊल पुढे न नेल्यामुळे झाल्या, असे माझे मत आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तिने आम्हाला आमच्याच गल्लीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींशी बोलायला लावले. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करते आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते, हे पुणेकरांना माहीत आहे. पण आपल्या वस्तूचे वेष्टन या बायकांच्या हातात पोहोचल्यावर त्याचे काय होते हे त्यांना विचारण्याची कल्पना आम्हाला सुचली नव्हती. आम्ही बिस्किटांसाठी मनात धरलेली तपकिरी कागदाची पिशवी मावशींनी हातात घेतली, कोपरा फाडला, आतला चकचकीत थर बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, "हे बाहेरून कागद दिसतंय, पण आत प्लास्टिक आहे. भंगारवाला हे घेत नाही. पुठ्ठा द्या, त्याचे पैसे येतात." बाजारात 'क्राफ्ट पाउच' म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांपैकी बहुतेकींची रचना अशीच असते: बाहेर कागद, मध्ये अनेकदा धातूचा मुलामा दिलेला पॉलिस्टरचा पापुद्रा आणि आत पॉलिथिलीन. हे थर एकमेकांपासून सुटे करणे परवडत नाही, म्हणून ती पिशवी कागदातही जात नाही आणि प्लास्टिकमध्येही जात नाही. जिला आम्ही सर्वांत निसर्गस्नेही समजत होतो ती पिशवी त्या एका मिनिटात बाद झाली.

बोधचिन्हाबद्दल आमची एकच अट होती, पान नको. व्हीगन, म्हणजे कोणताही प्राणिजन्य घटक नसलेले, पदार्थ विकणाऱ्या दुकानाच्या फळीसमोर उभे राहिले की दिसते, जवळजवळ प्रत्येक वेष्टनावर एक हिरवे पान असते, आणि दहा पानांमध्ये अकरावे पान कोणाच्या लक्षात राहणार? स्टुडिओने पहिल्या बैठकीत तीन कल्पना आणल्या. त्यांतील दोन साधारण होत्या आणि त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तिसरी पाहून माझी जाऊ, जी सांगलीजवळच्या शेतकरी घरातली आहे, क्षणभर काहीच बोलली नाही.

आमच्या उद्योगाचे नाव 'भु' या अक्षराने सुरू होते, भुईमुगाचा 'भु'. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते, पण फळधारणा झाल्यावर त्यातून आरी, म्हणजे सुईसारखा देठ, निघते, ती वाकून मातीत शिरते आणि शेंग जमिनीखाली पोसते. डिझाइन करणाऱ्या मुलीने देवनागरीच्या शिरोरेषेलाच जमीन केले होते. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात, भुईमुगाच्या शेंगाही जमिनीच्या रेषेखाली लटकतात. म्हणून 'भ'चा उभा दंड ही आरी झाली आणि त्याच्या तळाशी वळणारा उकार ही दोन दाण्यांची शेंग. 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटक असते, त्या फटीत तिने पिवळे फूल ठेवले होते. अक्षराला चित्र चिकटवलेले नव्हते. अक्षराच्या घडणीतच चित्र होते ते तिने बाहेर काढले होते. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी नाटकांच्या नावांतून मराठी माणसाच्या डोळ्याला ही सवय लावली आहे, आणि या मुलीने ते काम मन लावून पाहिलेले आहे हे स्पष्ट दिसत होते. इंग्रजी नावाला शेवटी देवनागरीचा साज चढवणारी कितीतरी बोधचिन्हे आपण रोज पाहतो. येथे विचारच देवनागरीत सुरू झाला होता आणि इंग्रजी रूप त्यानंतर, त्याच्या मापाने, तयार झाले.

पण याच बोधचिन्हात पहिली चूक निघाली. पडद्यावर आणि मोठ्या कागदावर जे सुंदर दिसत होते ते झाकणावरच्या लहान गोल चिठ्ठीवर छापल्यावर बिघडले. अक्षराची उंची बारा मिलिमीटरच्या आसपास आली की ते फूल फटीत मिसळून जात होते, शिरोरेषा सलग दिसत होती, आणि 'भु'चा 'मु' होत होता. दुसरीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने ती चिठ्ठी मोठ्याने 'मु' अशी वाचली तेव्हा हे आमच्या लक्षात आले. स्टुडिओने चूक लगेच मान्य केली, लहान आकारासाठी फुलाशिवायचे वेगळे रूप केले आणि फट थोडी रुंदावली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तरीही प्रत्यक्ष मापात छापून पाहणे ही या कामातली प्राथमिक गोष्ट आहे, आणि ती त्यांनी आमच्याआधी करायला हवी होती. बारीक मजकुरासाठी त्यांनी 'एक टाइप' या मुंबईच्या गटाचा 'मुक्त' हा फॉन्ट वापरला. तो खुल्या परवान्याचा असल्याने आम्हाला त्यासाठी वेगळा खर्च आला नाही आणि त्याचे देवनागरी व रोमन अक्षर एकमेकांशेजारी चांगले बसते.

आता लेबलाकडे येते, कारण खाद्यपदार्थाच्या वेष्टनात डिझाइनरची खरी परीक्षा तेथेच होते. आमच्या पदार्थाला आम्ही घरात, ग्राहकांत, सगळीकडे 'शेंगदाण्याचे दही' म्हणतो. लेबलावर मात्र तसे छापता येत नाही. दूध, दही, लोणी, चीज हे शब्द दुग्धजन्य पदार्थांसाठी राखीव आहेत, आणि २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, वनस्पतिजन्य पर्यायांच्या वेष्टनांवर हे शब्द वापरण्याविरुद्ध पावले उचलली. नारळाचे दूध किंवा पीनट बटर यांसारखी रूढ नावे त्यातून सुटतात, आमचे दही सुटत नाही. स्टुडिओला हे आधीपासून माहीत होते आणि या एका माहितीने आमची एक पूर्ण छपाई वाचली. लेबलावर 'आंबवलेला शेंगदाण्याचा पदार्थ' असे लिहावे लागते. हे नाव कोरडे आहे, तोंडाला पाणी सुटावे असे त्यात काही नाही. म्हणून त्यांनी लेबलाच्या मागच्या बाजूला कढी, कोशिंबीर आणि दहीबुत्ती यांची तीन छोटी रेषाचित्रे काढली, जेणेकरून शब्द न वापरताही पदार्थ कशासाठी आहे हे घेणाऱ्याला कळावे. एवढे समंजस उत्तर मला सुचले नसते.

चिन्हांचा प्रश्नही असाच. शाकाहाराचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो, त्यामुळे आमच्या ग्राहकाला हवी असलेली माहिती तो देत नाही. त्यासाठी हिरव्या रंगातील इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर रोप असलेले स्वतंत्र व्हीगन चिन्ह आहे. २०२२ च्या व्हीगन खाद्यपदार्थांच्या नियमावलीनुसार ते प्राधिकरणाची मान्यता घेऊनच छापता येते, आणि मान्यतेसाठी घटक पदार्थच नव्हे तर प्रक्रियेत वापरलेली साहाय्यक द्रव्येही प्राणिजन्य नाहीत हे दाखवावे लागते. स्टुडिओने आमची मान्यता येईपर्यंत त्या चिन्हाची जागा रिकामी ठेवून लेबलाची मांडणी केली. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला "छापून टाका, कोण बघतंय" असा सल्ला मिळाला होता, तो येथे लिहून ठेवते, कारण व्हीगन पदार्थ घेणारा माणूस त्या चिन्हावर विश्वास ठेवून घास तोंडात घालतो. परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तारखा, आणि आमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची असलेली शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची सूचना, हे सगळे इंग्रजीत किंवा हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी त्याच्या जोडीला देता येते. म्हणजे एका हाताच्या पंजात मावणाऱ्या बरणीवर दोन भाषा बसवायच्या. त्यांनी बंधनकारक मजकूर इंग्रजीत एका चौकटीत घेतला, पण अ‍ॅलर्जीची सूचना मराठीतही तितक्याच ठळकपणे दिली. आमच्या ग्राहकांतील आजी-आजोबा ती वाचतात.

छपाईच्या टप्प्यावर स्टुडिओचा मोठेपणा आणि उणीव दोन्ही एकाच आठवड्यात दिसले. बिस्किटांच्या खोक्यासाठी त्यांनी विरंजन न केलेला तपकिरी पुठ्ठा निवडला. पांढऱ्या कागदावर तयार केलेले रंग अशा पुठ्ठ्यावर तसे उमटत नाहीत, कारण ऑफसेट छपाईची शाई पारदर्शक असते आणि खालचा तपकिरी रंग तिच्यातून वर येतो. फुलाचा पिवळा मातकट झाला आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका शेवाळासारखा दिसू लागला. ठिपका मागच्या रंगापासून स्पष्ट वेगळा दिसला पाहिजे अशी अपेक्षा नियमातच आहे, त्यामुळे तो नुसता वाईट दिसत होता असे नाही, तो चुकीचा होता. छापखान्यातील काकांनी, जे गेली तीस वर्षे मशीनवर उभे आहेत, एका नजरेत सांगितले, "आधी स्क्रीनने पांढरा मारा, वाळू द्या, मग हिरवा घ्या." तसे केले आणि ठिपका नीट आला. खोक्यावरचे बोधचिन्ह मात्र मुलीने तेथेच उभे राहून बदलले: पिवळा काढून टाकला, संपूर्ण चिन्ह एकाच गडद तपकिरी शाईत घेतले, आणि पिवळे फूल फक्त बरणीच्या पांढऱ्या लेबलापुरते ठेवले. एका रंगातील ते चिन्ह मला मूळ चिन्हाइतकेच, खरे तर थोडे अधिकच, आवडते. पण हे सगळे प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढतानाच कळायला हवे होते. तपकिरी पुठ्ठ्यावर काम करणाऱ्याने प्रूफ चकचकीत पांढऱ्या कागदावर दाखवणे योग्य नाही, आणि पांढऱ्या शाईचा जादा खर्च मूळ अंदाजात नव्हता.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र डिंकाने केला. परत आलेल्या बरण्यांवरून चिकट स्टिकर खरवडताना आमच्या दोन बायकांची अर्धी सकाळ गेली असती, म्हणून स्टुडिओने स्टिकरऐवजी डिंकाने लावायचे, गरम पाण्यात सुटून येणारे कागदी लेबल सुचवले. कल्पना उत्तम होती. लेबल लावून देणाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा कळले की काचेच्या बाटल्यांसाठी जो डिंक तो वापरतो त्यात केसिन असते, म्हणजे दुधातले प्रथिन. बर्फाच्या पाण्यातही लेबल सुटू नये म्हणून बाटलीबंद पेयांच्या धंद्यात हा डिंक मुद्दाम वापरतात. दूध टाळून केलेल्या दह्याच्या बरणीवर दुधाच्या डिंकाने लेबल लावणे आम्हाला मान्य होणे शक्य नव्हते. ग्राहकाला ते कधीच कळले नसते, पण आम्हाला कळले होते. हा प्रश्न विचारायचा असतो हे स्टुडिओला ठाऊक होते, याचे श्रेय मी त्यांना पूर्णपणे देते. शाईत आणि कागदाच्या प्रक्रियेतही जिलेटिनसारखी प्राणिजन्य द्रव्ये असू शकतात म्हणून त्यांनी पुरवठादारांकडून तसे लेखी घेतले होते.

त्यांनी पर्याय म्हणून खळ निवडली, स्टार्चपासून केलेली. लेबले कोरड्या बरणीवर सुरेख बसली, छायाचित्रे निघाली, आणि पहिल्या सहाशे बरण्या दुकानांच्या फ्रिजमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला फोन आला. फ्रिज दिवसातून शंभर वेळा उघडतो, थंड काचेवर दव धरते, खळ त्या पाण्याने विरघळते, आणि लेबल हळूहळू खाली सरकून बरणीच्या तळाशी गोळा होते. मी दुकानात गेले तेव्हा फळीवर आमच्या बारा बरण्या उघड्या होत्या आणि बारा लेबले त्यांच्या पायाशी ओल्या पोतेऱ्यासारखी पडली होती. ज्या गुणासाठी केसिन वापरतात तोच गुण खळीत नसतो, हे तोपर्यंत आमच्यापैकी कोणीही नीट समजून घेतले नव्हते. एक बरणी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून पाहिली असती तर हे टळले असते. बरणी खाऊन झाल्यावर कुठे जाते हे विचारणाऱ्यांनी, खाण्याआधी ती कुठे राहते, हे विचारायचे राहून गेले.

स्टुडिओ त्यानंतर कसा वागला यावरून मी त्यांना तोलते. दोघे त्याच संध्याकाळी गाळ्यावर आले, दुकानांतून बरण्या परत आणण्यास आमच्याबरोबर फिरले, आणि नव्या छपाईचा निम्मा खर्च त्यांनी स्वतःहून उचलला. नंतर केसिन नसलेले, कृत्रिम राळेवर आधारित तीन डिंक त्यांनी आणले आणि आमच्याच फ्रिजमध्ये चार दिवस, ओल्या फडक्याने पुसून, पाण्याच्या बादलीत बुडवून तपासले. त्यांतला एक आता आम्ही वापरतो. लेबलाचा कागदही भिजल्यावर न फाटणारा घेतला. गरम पाण्यात दहा मिनिटे बरणी ठेवली की लेबल सबंध सुटून येते. पुण्यातील ग्राहकांकडून आम्ही बरणीमागे वीस रुपये अनामत घेतो, रिकामी बरणी आणून दिली की परत करतो. आरे कॉलनीच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या ज्यांनी वापरल्या आहेत त्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही.

बिस्किटांच्या खोक्याबद्दल थोडक्यात लिहिते. पाउच बाद झाल्यावर आमच्यासमोर दोन मार्ग होते. उसाच्या चिपाडाचा लगदा दाबून केलेल्या डब्यांचा विचार आम्हाला साखरेच्या महाराष्ट्रात स्वाभाविक वाटला, पण तेलकट पदार्थ झिरपू नये म्हणून अशा डब्यांना काही ठिकाणी फ्लोरीनयुक्त रसायने लावली जातात, आणि ती लावलेली नाहीत असे लेखी देणारा पुरवठादार आम्हाला आमच्या छोट्या मागणीसाठी मिळाला नाही. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या, 'कुजणारे प्लास्टिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पापुद्र्याचाही विचार झाला. ते पीएलए असते. ते कुजते खरे, पण त्याला साठ अंशांच्या आसपासचे तापमान असलेला औद्योगिक खतप्रकल्प लागतो, गच्चीवरच्या कुंडीत किंवा कचराडेपोवर ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, आणि इतर प्लास्टिकमध्ये मिसळले तर त्याचाही पुनर्वापर बिघडवते. अखेर पुठ्ठ्याचा खोका आणि आत ग्लासीन नावाच्या गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची पिशवी असा निर्णय झाला. ग्लासीन तेल अडवतो, दमट हवा मात्र फारशी अडवत नाही. त्यामुळे तीन महिने टिकणारी बिस्किटे आता पाच आठवडेच टिकतात, आणि पावसाळ्यात आम्ही ती त्याहून लवकर विकतो, लहान घाण्यांत करतो. स्टुडिओने हे आधी स्पष्ट सांगितले होते, आकडे मांडले होते आणि निर्णय आमच्यावर सोडला होता. खराब होऊन फेकलेली बिस्किटे ही वेष्टनापेक्षा मोठी नासाडी आहे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. ज्यांचा माल मुंबई-दिल्लीला जातो त्यांनी आमचा खोका डोळे झाकून उचलू नये.

एका बाबतीत मला त्यांच्याशी वाद घालावा लागला. खोक्याच्या पहिल्या मसुद्यावर 'शंभर टक्के पर्यावरणस्नेही' असे शब्द होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. अशा मोघम शब्दांना आता पुरावा आणि खुलासा जोडावा लागतो. कायदा नसता तरी ते शब्द खरे नव्हते. आम्ही ते काढायला लावले आणि त्या जागी 'खोका व आतला कागद रद्दीत द्या' एवढेच छापले. त्या मुलीने नंतर कबूल केले की हे वाक्य तिला आधीच सुचायला हवे होते.

करारातील एक गोष्ट इतरांसाठी सांगते. बोधचिन्हाचे पैसे दिले म्हणजे त्याचे हक्क आपले झाले असे आम्ही धरून चाललो होतो. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांचेच, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच समजले जाते. स्टुडिओच्या छापील करारात दोन्ही जागा कोऱ्या होत्या. आम्ही विचारल्यावर त्यांनी तत्काळ कायमस्वरूपी आणि जगभरासाठी असे लिहून सही केली, मूळ फाइलीही दिल्या. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, पण न विचारणाऱ्या ग्राहकाचे काय होत असेल? ट्रेडमार्कसाठी आमच्यासारख्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गामागे साडेचार हजार रुपये शुल्क आहे. दही २९ व्या वर्गात आणि बिस्किटे ३० व्या वर्गात मोडतात, म्हणून दोन वर्गांचे शुल्क भरावे लागले. हा खर्च डिझाइनच्या दरात धरलेला नसतो.

मी या स्टुडिओला पाचपैकी चार गुण देते. मुदत पाळली नाही, मापात छापून पाहिले नाही, फ्रिजमध्ये ठेवून पाहिले नाही, हा एक गुण त्यासाठी कापला आहे. बोधचिन्ह, नियमांची जाण आणि चूक झाल्यावरचे वागणे या तिन्हींत ते मला माहीत असलेल्या इतरांपेक्षा पुष्कळ वरचढ आहेत, आणि लाडवांच्या खोक्याचे काम आम्ही पुन्हा त्यांनाच दिले आहे. या वेळी करारात प्रत्यक्ष मापातील प्रूफ, ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर, आणि चार दिवसांची ओलाव्याची चाचणी ही कलमे आम्ही घातली आहेत.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, तो झाकणाचा. काचेच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून जे मऊ कडे असते, ज्यामुळे झाकण घट्ट बसते, ते सर्वसाधारणपणे पीव्हीसी या प्लास्टिकचे असते. स्टुडिओने हे आमच्या नजरेस आणून दिले, पर्यायांची चौकशी केली, आणि आमच्या मागणीच्या प्रमाणात व आमच्या किमतीत दुसरे झाकण मिळत नाही असे सरळ सांगितले. म्हणून आमच्या बरणीवर 'प्लास्टिकमुक्त' हा शब्द नाही. परत आलेली झाकणे पुन्हा वापरता येत नाहीत; ती आम्ही गाळ्यात एका पोत्यात साठवतो आणि पोते भरले की पत्र्याच्या भावाने मावशींना देतो.